उलटा पीळ

सुटलेला धागा दिसला की सेक्रेटरींना चैन पडत नाही. बाहीचा असो, पडद्याचा असो, नाहीतर लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी गृहस्थाच्या कोटाचा असो. खिशातून छोटी कात्री निघते आणि धागा गेलाच म्हणून समजा. या सवयीपायी त्यांनी आजवर दोन स्वेटर, एक उशी आणि एका मेव्हण्याशी असलेले संबंध उसवले आहेत. पण जित्याची खोड ती.

सेक्रेटरी हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि इतकी वर्षं आहेत की निवडणुकीला दुसरं कोणी उभं राहायचं असतं हेच लोक विसरून गेलेत. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

तर वहिनी धनुष्यबाण चालवतात. खांदा आखडला म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मैदानावर चालायला गेल्या, तिथे कोपऱ्यात तिरंदाजीचा क्लब दिसला, त्या म्हणाल्या बघू तरी. सेक्रेटरींनी तेव्हाच भाकीत केलं होतं की आठवडाभराचं खूळ आहे. खांदा केव्हाच सुटला, खूळ काही सुटलं नाही. क्लबातल्या एका आजोबांनी आपलं जुनं लाकडी धनुष्य त्यांना देऊन टाकलं, आणि या वर्षी कोचबाईंनी त्यांना थेट क्लबाच्या संघात घेतलं. रविवारी शेजारच्या गावाच्या क्लबाशी सामना. ही बातमी सांगताना वहिनींच्या एका हातात घासणी होती, दुसऱ्या हातात पातेलं होतं, नळ धो धो वाहत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सेक्रेटरींनी पुढे होऊन नळ बंद केला आणि पाणीकपातीवर दोन शब्द बोलले. अभिनंदन करायचं राहून गेलं.

ते राहिलेलं अभिनंदन कृतीतून करावं म्हणून की काय, सोमवारी वहिनी बाजारात गेल्यावर सेक्रेटरी धनुष्य पुसायला बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोरीच्या मधोमध, जिथे बाण बसतो तिथे, बारीक दोऱ्याचा घट्ट गुंडाळा असतो. त्या गुंडाळ्यातून नखाएवढं एक टोक बाहेर आलं होतं. पुढचं सांगायला नको. टोक कापलं गेलं, आणि इतका वेळ शहाण्यासारखा बसलेला गुंडाळा भराभरा उलगडत सेक्रेटरींच्या मांडीवर येऊन पडला. तो थोपवण्याच्या गडबडीत कात्रीचं पातं खालच्या दोरीत घुसलं.

"जादा दोरी असेलच," ते स्वतःशी म्हणाले, आणि ड्रॉवर उघडता उघडता थांबले. जादा दोरी होती. मागच्या महिन्यात त्याच ड्रॉवरमधून त्यांनी एक छान मजबूत सुतळी काढून रद्दी बांधली होती. रद्दीवाल्यानेही सुतळीचं कौतुक केलं होतं.

वहिनी आल्या. त्यांनी दोरी पाहिली, कात्री पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. रद्दीची हकिगत शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "असू दे."

सेक्रेटरी हबकले ते या दोन शब्दांनी. वहिनी रागावल्या असत्या तर परवडलं असतं. सेक्रेटरी रागाला तयार होते, बचावाचे मुद्दे काढून बसले होते. पण हे 'असू दे' त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांची बदली झाली आणि वहिनींची शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा ते आलं होतं. गाण्याच्या क्लासची वेळ आणि सेक्रेटरींच्या जेवणाची वेळ एक आली, तेव्हाही आलं होतं. एकदा असू दे म्हटलं की वहिनी त्या गोष्टीचं पुन्हा नाव काढत नसत. धनुष्याचंही आता तेच होणार, या विचाराने सेक्रेटरींना खरोखर भीती वाटली.

दुकानदाराने फोनवर सांगितलं की एवढं जुनं धनुष्य, त्याच्या मापाची दोरी तयार मिळत नाही, करवून घ्यावी लागेल, रविवार विसरा. क्लबातली बाकीची धनुष्यं आखूड किंवा लांब, आणि परक्या धनुष्याने सामना खेळणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणं. कोचबाई फोनवर हळहळल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "पूर्वी लोक घरीच वळायचे हो दोरी. गाठ मारायची नाही, नुसता पीळ. मला काही येत नाही, पाहिलंय फक्त."

"मी वळतो," सेक्रेटरी म्हणाले.

वहिनींनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि कोचबाईंना सांगितलं की यांचं बोलणं मनावर घेऊ नका. झालं! त्याच क्षणी गोष्ट दोरीची न राहता अब्रूची झाली.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला दाढीवाला माणूस काय बोलत होता ते एक अक्षर कळलं नाही, पण हात दिसत होते. धाग्यांचे दोन जुडगे घ्यायचे, म्हणजे वेणीचे असतात तसे दोन पेड. प्रत्येक पेडाला बोटांनी एका बाजूला पीळ द्यायचा आणि दोन्ही पेड एकमेकांवर उलट्या बाजूने टाकत जायचं. पेड सुटायला बघतात एकीकडे, दोरी सुटायला बघते दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत कोणालाच सुटता येत नाही. सेक्रेटरींना हे तत्त्व तत्काळ पटलं, कारण सोसायटीची कमिटी नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. टोकाशी वीतभर वळून झालं की ते दुमडून धनुष्यात अडकवायचा फासा करायचा, उरलेली शेपटं मूळ पेडांत मिसळायची आणि पुन्हा वळत जायचं. दोरखंडाला दोरखंड असाच जोडतात. तसंच दुसरं टोक. मग मधल्या भागालाही त्याच अंगाने पीळ भरला की दोरी तयार.

पहिली दोरी त्यांनी पार्सल बांधायच्या नायलॉनची केली. ती जमली की नाही पाहायला दाराच्या कडीला टांगली आणि खाली पाण्याची बादली अडकवली. चहा घेऊन येतात तो बादली जमिनीवर टेकून आरामात बसली होती. दोरी तुटली नव्हती, नुसती लांबली होती. तिला सोडलं असतं तर ती दारातून जिन्यापर्यंत गेली असती.

"नायलॉन ताणतो," पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई येता येता म्हणाल्या. त्या बॅगाही शिवत. "बॅगांचा दोरा लागेल तुम्हाला. पॉलिस्टरचा. आहे माझ्याकडे रीळभर."

"द्या ना मग."

"देते की. पण तुम्ही तो ताणणार कुठे?"

सेक्रेटरींनी सहज हाताने कॉरिडॉर दाखवला. या दारापासून खिडकीच्या गजापर्यंत, मोकळी सरळ जागा. शिंपीणबाईंनी त्या हाताच्या जरा वर बोट दाखवलं. तिथे फ्रेममध्ये सूचना लटकत होती: 'कॉरिडॉरमध्ये कोणतीही वस्तू बांधू, टांगू अथवा ताणू नये. हुकुमावरून, सेक्रेटरी.' तिच्यातला 'ताणू' हा शब्द सेक्रेटरींनी मागच्या वर्षी मुद्दाम घातला होता, शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकांचे पडदे वाळत घालायला दोरी ताणली तेव्हा. ती दोरी त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावली होती.

"विशेष परवानगी घेता येते," सेक्रेटरी म्हणाले.

"कोण देतं?"

"सेक्रेटरी."

"मग घ्या."

पण तसं करता येत नव्हतं. सेक्रेटरीच्या घरचा विषय सेक्रेटरीने मंजूर करू नये, हा नियमही त्यांनीच केला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अशा वेळी अधिकार अध्यक्षांकडे जातो. अध्यक्ष मुलीकडे गेले होते, परदेशी. सेक्रेटरींनी त्यांना फोन लावला. तिकडे पहाट होती. अध्यक्षांना वाटलं इमारतीला आग लागली; ती लागली नाही हे कळल्यावर ते जे काही बोलले त्याला परवानगी म्हणता येईल असं सेक्रेटरींना वाटलं नाही. शेवटी शिंपीणबाईंनीच तोड काढली. त्यांची पडद्यांची दोरी परत लागेल, सेक्रेटरींचे धागेही ताणले जातील, आणि कोणी कोणाच्या वस्तूकडे मान वर करून पाहणार नाही. स्वतःच्या सूचनेखाली उभं राहून सेक्रेटरींनी मान हलवली. त्यांना फार लागलं ते. घरी येऊन त्यांनी पाणी मागितलं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसे बुधवारी कॅप्टन खाली उतरले. कॅप्टन तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते जहाजावर होते हे खरं आहे. जहाजावर ते हिशेब लिहीत, ही गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला आणि त्यामुळे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

"दोर!" कॅप्टन म्हणाले. "अहो, मला नाही का सांगायचं?" आणि स्टूल घेऊन समोर बसले.

पहिला फासा त्यांच्या देखरेखीखाली झाला. सेक्रेटरी पेडाला पीळ देत, कॅप्टन "घट्ट, घट्ट" म्हणत. सेक्रेटरी घट्ट करत, कॅप्टन "मोकळा सोडा, श्वास घेऊ दे त्याला" म्हणत. धाग्याला मेण हवं, तर कॅप्टनच्या सांगण्यावरून मेणबत्ती घासली. तिचे पांढरे कण कॉरिडॉरभर झाले आणि झाडूवालीने कोणाचंही नाव न घेता बराच वेळ भाषण केलं. सेक्रेटरींच्या उजव्या हाताची बोटं अवघडून गेली, पेड तीनदा सुटले, चौथ्यांदा बसले. पण फासा झाला. कॅप्टननी त्यात बोट घालून ओढून पाहिलं आणि अशा काही सुरात "हं" म्हणाले की जसे काही असल्या फाशांनीच ते आजवर जहाजं धक्क्याला बांधत आले आहेत.

दुसरा फासा उद्या करू, असं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळी इमारत पेंगत असताना सेक्रेटरींना राहवेना. ते एकटेच कॉरिडॉरमध्ये जाऊन बसले. आणि काय आश्चर्य! समोर कोणी नाही, 'घट्ट' नाही, 'मोकळा' नाही. हात आपोआप चालू लागले. पेड एकमेकांवर असे पडत गेले की पाहत राहावं. पडद्यांखाली बसून सेक्रेटरी चक्क गुणगुणत होते. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. माणसाला सराव झाला की जमतं, असा त्यांनी याचा अर्थ लावला, आणि संध्याकाळी दोरी वहिनींपुढे धरली.

वहिनींनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "सुरेख झालीय हो," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी त्या दिवशी दोनदा जेवण मागितलं.

शनिवारी सकाळी सराव होता. सेक्रेटरी मैदानावर गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. कॅप्टनही आले, कारण दोरी त्यांची होती. कोचबाईंनी दोरी धनुष्याला चढवली, लांबून पाहिली आणि म्हणाल्या, "मस्त! किंचित लांब आहे. चार पीळ आणखी भरा, बसेल मापात."

वहिनींनी एक टोक सोडलं आणि पीळ भरायला लागल्या. वरचा फासा घट्ट होत गेला. खालचा फासा मात्र हळूहळू तोंड उघडायला लागला. त्यांनी उलट्या बाजूने पीळ भरून पाहिला, तर खालचा मिटला आणि वरचा आ वासून बसला. "चढवून बघू, ताणाने बसेल," कॅप्टन म्हणाले. चढवली. वहिनींनी बाण न लावता दोरी हळूच मागे ओढली, जेमतेम हनुवटीशी आणली, आणि खालच्या फाशातली शेपटं एकामागून एक शिस्तीत बाहेर आली. दोरी मऊपणे वहिनींच्या चपलांवर येऊन पडली आणि धनुष्य सरळ झालं.

संघातलं कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

"धागाच खोटा निघाला," कॅप्टन म्हणाले आणि त्यांना एकदम कोणाला तरी भेटायचं आठवलं.

"लागलं का?" सेक्रेटरींनी विचारलं. 

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "असू दे."

मैदानाच्या कडेला बाक आहे, त्यावर दोघं बसले. सेक्रेटरींना बोलायचं होतं. नोकरी, गाणं, सगळं एकदम सांगायचं होतं, आणि तोंडातून निघालं एवढंच की बॅगांचा दोरा बॅगांनाच ठीक असतो. वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या सुटलेलं टोक बोटांत धरून पाहत होत्या; मग दुसरं पाहिलं, मग पुन्हा पहिलं. पडदे शिवलेल्या, स्वेटर विणलेल्या आणि उसवलेले स्वेटर पुन्हा विणलेल्या बाईची नजर होती ती.

"हा फासा कॅप्टनसमोर केलात ना?"

"हो."

"आणि हा एकटे असताना."

सेक्रेटरी दचकले. "तुला कसं कळलं?"

"याचा पीळ उजवा आहे. याचा डावा." वहिनींनी दोन्ही टोकं त्यांच्या नाकासमोर शेजारी शेजारी धरली. तिरक्या रेघा एकीकडे एका बाजूला झुकलेल्या, दुसरीकडे बरोबर उलट्या. "एकाला घट्ट करायला जावं तर दुसरा सुटणारच. अहो, तुम्ही डावरे आहात."

आता ही गोष्ट सेक्रेटरींनी आयुष्यात कोणाला सांगितलेली नव्हती. लहानपणी मास्तरांच्या लाकडी पट्टीने त्यांचा डावा हात सरळ केला होता, म्हणजे उजवा केला होता. तेव्हापासून सही, हस्तांदोलन, दाराची कडी, सगळं उजव्याने. लग्नाच्या आधी सांगायचं राहिलं, नंतर सांगण्यासारखं वाटलं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

"मी उजव्यानेच लिहितो," ते कोर्टात उभं असल्यासारखे म्हणाले.

"चारचौघांत. घरी मी नसले की बटाटे डाव्यानेच सोलता. सुरी ओट्यावर सिंकच्या डावीकडे पडलेली असते."

"इतकी वर्षं तुला माहीत होतं?"

"बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

सेक्रेटरींनी मैदानाकडे पाहिलं.  शिंपीणबाईंसमोर स्वतःच्या सूचनेखाली मान हलवताना वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आत्ता वाटत होती, आणि गंमत म्हणजे त्या लाजेखाली कुठेतरी हलकंही वाटत होतं.

"आता काय करायचं?"

"दुपार आहे, संध्याकाळ आहे, रिळात दोरा आहे," वहिनी उठत म्हणाल्या. "दोन्ही टोकं एकटे असतानाच करा."

दुपारी घरातल्या खाटेच्या दोन पायांना धागे ताणले. वहिनी बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने कॅप्टन आले. त्यांनी सकाळपासून विचार केला होता, आणि चूक कुठे झाली ते त्यांना सापडलं होतं, मेणबत्ती स्वस्तातली होती.

"आत मीटिंग चालू आहे," वहिनी म्हणाल्या.

"कोणाची?"

"सेक्रेटरींची."

"आणि कोण कोण आहे?"

"कोरम झालाय," वहिनी म्हणाल्या, आणि कॅप्टन परत गेले. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. सूर बेताचाच होता. वहिनींनी दुरुस्त केला नाही.

रविवारी सामना झाला. सेक्रेटरी प्रेक्षकांत बसले होते, पण पाहत नव्हते. वहिनी दोरी ओढायच्या तेव्हा ते डोळे मिटायचे आणि बाण सुटल्याचा आवाज आला की उघडायचे. दोरी ताणाखाली जराशी कुरकुरली, बसली, आणि मग बसलीच. वहिनींचा एकही बाण निशाणाच्या चौकटीबाहेर गेला नाही. एक तर इतका मधोमध लागला की कोचबाईंनी टाळी वाजवली आणि लगेच कोचासारखा चेहरा केला. क्लब दुसरा आला, संघ होते दोनच, पण परतताना कोणी ते बोलून दाखवलं नाही.

आवराआवर चालली असताना समोरच्या क्लबाचे एक जाणते गृहस्थ वहिनींच्या धनुष्याशी वाकले. चष्मा वर करून त्यांनी दोरी निरखली. "ताई, ही उलटी वळलीय की. असा पीळ नसतो."

सेक्रेटरींचा डावा हात आपसूक मागे गेला. लपवायची जुनी सवय.

"आमच्या घरी असाच असतो," वहिनी म्हणाल्या.

पुढे दोन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला, दोरी तयार आहे म्हणून. सेक्रेटरी जाऊन घेऊन आले. यंत्रावर केलेली, गुळगुळीत, दोन्ही टोकं एकसारखी, कुठे म्हणून एक धागा सुटलेला नव्हता. तिच्याकडे पाहून त्यांना स्वतःच्या दोरीची जरा कीव आली. त्यांनी ती वहिनींपुढे ठेवली आणि म्हणाले, "ही घे. आता ती घरगुती काढून टाकू."

वहिनी खिडकीजवळ बसून धनुष्याच्या दोरीला मेण लावत होत्या. त्यांनी नव्या दोरीकडे वळून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं.

"छान मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "ड्रॉवरमध्ये ठेवा. रद्दी बांधायला होईल."